स्वतःचा कर्नल ओपन सोर्स म्हणून रिलीज करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजात एक्सव्ही६ (शिकवण्यासाठीची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) वाचून पुढे स्वतःचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहायला घेणारी मुलं आणि नोकरी सांभाळून रात्री शेड्युलरवर काम करणारे इंजिनिअर, असे दोन्ही प्रकारचे लोक हे प्रश्न पाठवतात. सगळ्या उत्तरांमागे माझा आग्रह एकच आहे: ज्याने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, त्याला तुमचा कोड हक्काने घेता यावा, बांधता यावा आणि बूट करता यावा. कायद्याची उत्तरं भारतातल्या कायद्याला धरून आहेत. नोकरी किंवा पैसा गुंतला असेल तर कागदपत्रं वकिलाला दाखवाच.

१. रेपो (कोड ठेवायची जागा) प्रायव्हेटचा पब्लिक केला की रिलीज झालाच ना? वेगळी तयारी कशाला?

तेवढ्याने कोड फक्त दिसू लागतो. सोबत लायसन्स नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात. वाचणाऱ्याला तो कोड स्वतःच्या कामात वापरायची, बदलून पुढे द्यायची परवानगी मिळत नाही.

दुसरं कारण कर्नलपुरतं खास आहे. साधा प्रोग्रॅम बिघडला तर निदान एरर दाखवतो. कर्नल बिघडला तर ट्रिपल फॉल्ट (प्रोसेसरला सावरता न येणारी चूक) होऊन मशीन रीबूट होत राहतं आणि चूक आपल्या सेटअपची की कोडची, हे समोरच्याला कळायला मार्ग नसतो. तो दहा मिनिटं झटतो आणि निघून जातो. म्हणून हक्क (प्रश्न ३ ते ८), कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या प्रत्येक बदलाचा, इतिहास (९), बिल्ड आणि बूट (११, १२) एवढं तरी आधी उरका.

२. कर्नल अजून अर्धवट आहे. किती झाल्यावर रिलीज करावा?

लिनक्स कर्नलचे कर्ते लिनस टॉरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या कामाची घोषणा केली आणि सप्टेंबरात ०.०१ आवृत्ती सर्व्हरवर ठेवली. ती सुमारे १०,००० ओळींची होती, ३८६ प्रोसेसरपुरती होती आणि कंपाइल करायला मिनिक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम लागत होती. तेव्हा अर्धवट असण्याची लाज बाळगू नका. अर्धवट काय आहे ते मात्र स्पष्ट सांगा.

माझी किमान अट अशी: क्यूएमूवर (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या नकली मशीनवर) एका कमांडने बूट व्हावा, सीरियल पोर्टवर मजकूर यावा आणि निदान एक यूजर प्रोग्रॅम चालावा. मग रीडमीच्या पहिल्याच पानावर लिहा: एसएमपी (एकाहून जास्त प्रोसेसर वापरणं) नाही, नेटवर्क नाही, फाइल सिस्टिम प्रायोगिक आहे, डिस्कवरचा डेटा जाऊ शकतो. यातलं शेवटचं वाक्य कधीच गाळू नका. कुणीतरी खऱ्या डिस्कवर चालवून बघणारच आहे.

३. लायसन्स कोणतं निवडू?

आधी स्वतःला विचारा: उद्या एखाद्या कंपनीने हा कर्नल बदलून उपकरणात घातला आणि बदल बंद ठेवले, तर मला चालेल का? चालणार नसेल तर जीपीएल. त्यात ज्याला उपकरण विकलं त्याला सोर्स द्यावाच लागतो. चालणार असेल तर एमआयटी किंवा बीएसडी.

'चालेल' म्हणण्याआधी मिनिक्सचं उदाहरण डोळ्यांसमोर आणा. मिनिक्स ३ बीएसडी प्रकारच्या लायसन्सखाली आहे. इंटेलने ते आपल्या मॅनेजमेंट इंजिनात (चिपसेटमधल्या छोट्या वेगळ्या संगणकात) वापरलं आणि मिनिक्सचे कर्ते अँड्र्यू टॅनेनबॉम यांना ते २०१७ मध्ये बातम्या आल्यावर कळलं. कळवण्याचं बंधन लायसन्समध्ये नव्हतंच आणि त्यांनीही तसं मान्य केलं. कळवलं असतं तर बरं वाटलं असतं, एवढंच त्यांनी म्हटलं. तुमचीही इतपत तयारी असेल तरच एमआयटी-बीएसडी घ्या.

स्वतःचं लायसन्स लिहू नका. 'विद्यार्थ्यांना फुकट, कंपन्यांना मनाई' हे ओपन सोर्सच्या व्याख्येत बसत नाही. लिनक्सच्या पहिल्या लायसन्सने वाटपासाठी पैसे घ्यायला बंदी होती. फ्लॉपीवर कॉपी करून देण्याचा खर्चही मागता येईना. १९९२ च्या सुरुवातीला, ०.१२ च्या सुमारास, टॉरवाल्ड्स जीपीएलकडे वळले आणि वाटप मोकळं झालं.

लायसन्सं एकमेकांशी जुळतात का, तेही बघा. 'फक्त जीपीएल आवृत्ती २' आणि अपाचे २.० यांचा कोड एकत्र करता येत नाही. सीडीडीएल (झेडएफएस या फाइल सिस्टिमचं लायसन्स) आणि जीपीएल यांच्यातल्या तेढीमुळे झेडएफएस आजही लिनक्सच्या मूळ ट्रीबाहेर, म्हणजे मुख्य कोडबाहेर, आहे. 'फक्त आवृत्ती २' की 'आवृत्ती २ किंवा पुढची', हे पहिल्याच दिवशी ठरवा. लिनक्स फक्त आवृत्ती २ वर आहे. सिस्टिम कॉलद्वारे (प्रोग्रॅम कर्नलकडे काम मागतो त्या पद्धतीने) कर्नल वापरणारे प्रोग्रॅम जीपीएलखाली येत नाहीत, असा खुलासाही त्यात जोडलेला आहे. जीपीएल घेतलंत तर तसा खुलासा तुम्हीही ठेवा. नाहीतर आपला प्रोग्रॅमही जीपीएल होईल की काय, या धास्तीने लोक लांब राहतात. जुलै २०१४ मध्ये एसईएल४ हा कर्नल खुला झाला तेव्हा तो जीपीएल २ खाली आणि यूजर बाजूच्या बहुतेक लायब्ररी बीएसडीखाली, अशी विभागणी केली होती. मला ती फार शहाणपणाची वाटते.

एक मत विचाराल तर: शिकण्या-शिकवण्याच्या कर्नलला एमआयटी, आणि पुढे लिनक्सचे ड्रायव्हर आणायचा विचार असेल तर जीपीएल २. लायसन्सचा पूर्ण मजकूर रेपोच्या मुख्य फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत एसपीडीएक्स खूण (लायसन्सचं नाव सांगणारी ठरावीक ओळ) घाला. लिनक्समध्ये ही खूण २०१७ साली, ४.१४ आवृत्तीच्या वेळी, हजारो फाइल्सना एकदम लावावी लागली. तुमच्याकडे शंभर फाइल्स असतानाच ते काम होऊन जाऊ दे.

४. 'पब्लिक डोमेन' असं लिहून टाकलं तर?

आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या कलम २१ नुसार लेखक रजिस्ट्रारला कळवून किंवा जाहीर सूचना देऊन हक्क सोडू शकतो. पण कोड जगभर जाणार आणि काही देशांत हक्क असा पूर्णपणे सोडता येत नाही. रीडमीतल्या एका ओळीवर कंपनीचा वकील विसंबत नाही. काहीच अटी नको असतील तर झिरो-क्लॉज बीएसडी वापरा.

५. लिनक्समधून एक ड्रायव्हर घेऊन त्यात बदल केले आहेत. आमचा कर्नल एमआयटी आहे. चालेल?

त्या फाइलची पहिली ओळ बघा. लिनक्समधल्या बऱ्याच ग्राफिक्स ड्रायव्हर फाइल्स एमआयटीखाली आहेत. त्या कॉपीराइटच्या ओळीसकट घेता येतात. जीपीएल असेल तर ती फाइल जोडून तयार झालेली कर्नलची इमेज जीपीएलच्या अटींवरच वाटावी लागेल. व्हेरिएबलची नावं बदलणं, फंक्शन पुढे-मागे करणं म्हणजे नव्याने लिहिणं नव्हे. डेटाशीट (उपकरणाचं तांत्रिक माहितीपत्रक) समोर ठेवून, मूळ फाइल बंद करून लिहा. आणि शक्य असेल तर ज्याने मूळ फाइल वाचलेली नाही अशा मित्राला लिहू द्या. एक्सव्ही६ एमआयटीखाली आहे, त्यामुळे तिथून घेतलेल्या भागात फक्त मूळ कॉपीराइट सूचना जपायची.

६. कोणता कोड कुठून आला हेच आता आठवत नाही. काय करू?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि तो सर्वांत उशिरा विचारला जातो.

बर्कली विद्यापीठाने १९९१ मध्ये नेट-२ हे आपल्या बीएसडी युनिक्सचं वितरण खुलं केलं. त्याआधी युनिक्सचे मूळ हक्क असलेल्या एटी अँड टीचा कोड शोधून काढून तो भाग नव्याने लिहायचं मोठं काम झालं होतं. शेवटी कर्नलच्या सहा फाइल्स उरल्या. त्या न लिहिता, वगळून वितरण दिलं गेलं आणि ३८६बीएसडी या प्रकल्पाने ती भोकं बुजवली. तरीही १९९२ मध्ये एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीने दावा ठोकला. १९९४ च्या सुरुवातीला तडजोड झाली तेव्हा सुमारे १८,००० फाइल्सपैकी फक्त ३ काढाव्या लागल्या आणि साधारण ७० फाइल्समध्ये कॉपीराइटच्या ओळी घालाव्या लागल्या. म्हणजे बर्कलीचं काम जवळजवळ पूर्ण स्वच्छ होतं. पण दाव्याच्या त्या दोन वर्षांत बीएसडीवर संशयाचं सावट राहिलं आणि त्याच काळात लिनक्स पुढे निघून गेला.

तुमच्यावर कुणी खटला भरेल असं नाही. पण वापरणाऱ्याच्या मनात तोच संशय उभा राहतो. म्हणून एक तक्ता करा. त्यात प्रत्येक फाइल, ती कुणी लिहिली, कशावरून लिहिली आणि मूळ लायसन्स कोणतं, एवढे रकाने पुरतात. असेंब्लीच्या फाइल्स, मेमकॉपीसारखी छोटी फंक्शन्स, फाँटचे बिटमॅप आणि लिंकर स्क्रिप्ट विसरू नका. ट्युटोरियलमधून उचललेलं बहुतेक इथेच सापडतं. ज्या फाइलचं मूळ लागत नाही ती काढून नव्याने लिहा. कर्नलमध्ये अशी फाइल बहुधा शे-दोनशे ओळींची असते, एका रविवारचं काम. एआय साधनाकडून लिहून घेतलेला भागही तक्त्यात तसाच नोंदवा.

७. फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे, चौघांनी लिहिला. किंवा: नोकरीत असताना घरी लिहिला. हक्क कोणाचा?

विद्यार्थी कॉलेजचा नोकर नसतो. त्यामुळे साधारणपणे ज्याने लिहिलं त्याचा हक्क, आणि चौघांनी लिहिलं तर चौघांचाही. कॉलेजचं बौद्धिक संपदा धोरण असेल किंवा कंपनीने प्रोजेक्ट स्पॉन्सर केला असेल तर त्या कागदावर काय सही केलीत ते आधी वाचा. चौघांपैकी एक जण परदेशी गेला आणि संपर्क तुटला, ही नेहमीची अडचण. त्याची संमती ईमेलवर का होईना, पास होण्याआधीच घेऊन ठेवा.

नोकरीचं गणित वेगळं. कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाच्या कॉपीराइटची पहिली मालक नोकरी देणारी कंपनीच, वेगळा करार नसेल तर. घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिलेलं यात सहसा येत नाही, पण नेमणूक पत्रात त्याहून व्यापक अट असू शकते. तेव्हा कंपनीकडून लेखी 'आमची हरकत नाही' घ्या. हक्क लिहून घेत असाल तर मुदत आणि प्रदेश दोन्ही नमूद करा. कलम १९ नुसार मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, असं धरलं जातं. या एका वगळलेल्या वाक्यापायी सहाव्या वर्षी तुमचा कर्नल अडचणीत येऊ शकतो.

८. बाहेरचे पॅच (इतरांनी पाठवलेले कोडमधले बदल) घेताना सीएलए (पॅच देणाऱ्याशी हक्कांचा लेखी करार) लागतो का?

छोट्या प्रोजेक्टला डीसीओ पुरतो. २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर लिनक्सवरून दावा केल्यावर, २००४ मध्ये लिनक्सने ही पद्धत सुरू केली: प्रत्येक कमिटखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ, म्हणजे 'हा कोड देण्याचा हक्क मला आहे' अशी हमी. पुढे कधी लायसन्स बदलायचा विचार असेल तरच सीएलए घ्या (प्रश्न १७ पाहा).

९. जुने कमिट ठेवायचे की सगळं एका कमिटमध्ये गुंडाळायचं?

ठेवता आले तर ठेवा. कर्नलमध्ये एखादी विचित्र ओळ का आहे, हे पुष्कळदा कमिटच्या मजकुरातच सापडतं, आणि बाइसेक्ट करून (कोणत्या कमिटपासून बिघडलं ते निम्मे-निम्मे भाग करत) चूक शोधायची तर इतिहास लागतोच.

पण आधी तो चाळून काढा. सायनिंगच्या खासगी किल्ल्या, लॅबच्या सर्व्हरचे पासवर्ड, एनडीएखालची (गुप्ततेच्या कराराने मिळालेली) पीडीएफ, सहकाऱ्यांचे खासगी ईमेल पत्ते, रागाच्या भरात लिहिलेले मेसेज हे सगळं जुन्या कमिटमध्ये शिल्लक असतं. फाइल आज डिलीट केली तरी ती इतिहासातून जात नाही. गिटचं फिल्टर-रेपो हे साधन वापरून काढा. त्याने पुढच्या सगळ्या कमिटचे हॅश (ओळखक्रमांक) बदलतात, म्हणून हे काम पब्लिक करण्याआधीच. किल्ली एकदा जरी बाहेरच्या सर्व्हरवर गेली असेल तर ती फुटलीच असं समजून नवी बनवा.

इतिहास फारच गढूळ असेल, किंवा प्रश्न ६ मधल्या तक्त्यात बरीच भोकं असतील, तर एका कमिटपासून सुरुवात करण्यात काही गैर नाही. लिनक्सचा गिट इतिहाससुद्धा एप्रिल २००५ मध्ये २.६.१२-आरसी२ पासून सुरू होतो. त्याआधीचा त्यात आणला नाही. मात्र सर्व लेखकांची नावं एका फाइलमध्ये लिहा. पहिल्या कमिटवर एकट्याचं नाव येणं बाकीच्यांवर अन्याय आहे.

१०. फर्मवेअरचा ब्लॉब (सोर्सशिवाय मिळणारी बायनरी फाइल) आणि एनडीएखाली मिळालेली डेटाशीट यांचं काय?

ब्लॉब रेपोत ठेवू नका. तो वाटण्याची परवानगी असेल तर वेगळ्या पॅकेजमध्ये द्या. लिनक्सनेही ४.१४ मध्ये उरलेले ब्लॉब ट्रीतून काढले. ते लिनक्स-फर्मवेअर या वेगळ्या रेपोत राहतात. ओपनसोलारिस ही ऑपरेटिंग सिस्टिम २००५ मध्ये आली तेव्हा काही भाग फक्त बायनरी स्वरूपात होते, आणि २०१० मध्ये तिच्यातून निघालेल्या इल्युमॉसवाल्यांना त्यांच्या जागी नवा कोड लिहावा लागला.

एनडीएचं प्रकरण नाजूक आहे. रजिस्टरचे पत्ते, बिटांची नावं, कॉमेंटमध्ये उतरवलेलं डेटाशीटमधलं वाक्य, हे सगळं त्यात येऊ शकतं. चिप कंपनीला लेखी विचारा. अनेक कंपन्या ड्रायव्हर खुला करायला होकार देतात आणि फक्त कागदपत्रं गुप्त ठेवतात. उत्तर येईपर्यंत तो ड्रायव्हर बाजूला ठेवून बाकीचं रिलीज करा.

११. बिल्डबद्दल किती लिहावं? 'मेक' चालवा म्हटलं की पुरे ना?

समोरचा माणूस काय पाहतो ते बघा. तो उबुंटूवर क्लोन करतो, मेक चालवतो. तुमच्याकडे क्रॉस कंपायलर (दुसऱ्या सिस्टिमसाठी कोड बांधणारा) आहे, त्याच्याकडे नाही, म्हणून मेकफाइल त्याच्या मशीनवरचा नेहमीचा कंपायलर, जीसीसी, वापरते. त्या जीसीसीत स्टॅक प्रोटेक्टर (स्टॅक बिघडला का ते तपासणारी सोय) आणि पीआयई (मेमरीत कुठेही चालेल असा कोड बनवणं) आपोआप चालू असतात. लिंकर 'स्टॅक चेक फेल' हे सिम्बॉल सापडत नाही म्हणून थांबतो. त्याने शोधाशोध करून स्टॅक प्रोटेक्टर बंद केला, कर्नल बांधला, बूटही झाला. पण ६४ बिट एक्स८६ वर रेड झोन बंद करायचा पर्याय त्याला कुणी सांगितलेला नाही. स्टॅक पॉइंटरच्या खालचे १२८ बाइट्स (हाच रेड झोन) कंपायलर मोकळेपणाने वापरतो, इंटरप्ट येतो आणि ते पुसतो. कर्नल कधी चालतो, कधी कोसळतो. आणि बग तुमच्या नावावर जमा होतो.

हे टाळायला कंपायलर, असेंब्लर, लिंकर यांच्या नेमक्या आवृत्त्या लिहा, सगळे फ्लॅग मेकफाइलमध्येच ठेवा आणि चुकीचा कंपायलर दिसला तर बिल्ड सुरुवातीलाच स्पष्ट संदेश देऊन थांबवा. मग एका कोऱ्या कंटेनरमध्ये, फक्त रीडमी वाचत, पहिल्यापासून बांधून बघा. हे काम प्रोजेक्टबाहेरच्या माणसाने केलं तर उत्तम. बूट बॅनरमध्ये बिल्डची वेळ आणि मशीनचं नाव छापत असाल तर ते बाहेरून देता येईल असं करा. तरच दोन जणांनी बांधलेल्या इमेज बाइट-दर-बाइट सारख्या निघतील आणि ताडून बघता येतील.

१२. क्यूएमूवर छान चालतो, खऱ्या मशीनवर नाही. तरी रिलीज करू?

करा, आणि तसं लिहा. कारणं बहुधा ठरलेली असतात. क्यूएमूमधली मेमरी सहसा शून्यांनी भरलेली मिळते, खऱ्या रॅममध्ये कचरा असतो. बीएसएस (शून्यापासून सुरू व्हायच्या व्हेरिएबलची जागा) पुसायला विसरलात तर तिथेच उघडं पडतं. नव्या लॅपटॉपवर बहुधा फक्त यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेलं फर्मवेअर) असतं, त्यामुळे बी८००० पत्त्यावरच्या व्हीजीए टेक्स्ट मेमरीत कितीही लिहिलं तरी स्क्रीन काळीच. फ्रेमबफर (स्क्रीनवरच्या बिंदूंची मेमरी) घ्यावा लागतो. एआरएम किंवा रिस्क-व्ही बोर्डावर कॅशे आणि मेमरी बॅरियरच्या चुका वर येतात. ज्या मशीनवर स्वतः बूट करून पाहिलं त्यांचीच नावं यादीत घाला, आणि प्रत्येकासोबत सीरियलचा पूर्ण लॉग ठेवा. दुसऱ्याला आपला लॉग शेजारी ठेवून कुठे अडकलं ते बघता येतं.

१३. पहिली आवृत्ती ०.१ की १.०?

०.१. लिनक्सला १.० व्हायला मार्च १९९४ उजाडला. १.० म्हणजे सिस्टिम कॉलचे क्रमांक आणि अर्थ आता बदलणार नाहीत, असं दिलेलं वचन समजा. कर्नलच्या आतल्या फंक्शनबद्दल असं वचन देऊ नका; लिनक्सही देत नाही.

१४. टारबॉलच्या (सगळ्या सोर्सच्या एकत्र फाइलच्या) शेजारी चेकसम (फाइल बदलली का ते ताडायचा आकडा) ठेवला आहे. सहीही हवी?

हवी. सर्व्हर ज्याच्या हाती गेला तो टारबॉल बदलतो आणि चेकसमही बदलतो. ऑगस्ट २०११ मध्ये लिनक्सचा सोर्स वाटणाऱ्या खुद्द कर्नल डॉट ऑर्गच्या सर्व्हरांत घुसखोरी झाली होती. गिटच्या हॅशांची साखळी अनेकांच्या मशीनवर होती, म्हणून सोर्समध्ये गुपचूप बदल करणं अवघड होतं. टॅगवर (आवृत्तीच्या खुणेवर) जीपीजी ही डिजिटल सही करा, किल्ली रोजच्या लॅपटॉपवर न ठेवता हार्डवेअर टोकनवर ठेवा आणि किल्लीची ओळख रेपोशिवाय आणखी एका ठिकाणी प्रसिद्ध करा.

१५. कुणी सुरक्षेची चूक कळवली तर? आमचा कर्नल कुणी वापरतही नाही.

सुरक्षेची फाइल पहिल्या दिवशीच घाला: खासगीत कुठे कळवायचं आणि किती दिवसांत उत्तर मिळेल. झेपेल तेवढीच मुदत लिहा. लिनक्सची सुरक्षा टीम दुरुस्ती साधारण ७ दिवसांपेक्षा जास्त काळ दाबून ठेवत नाही. एकट्या माणसाने ३० दिवस म्हटले तरी चालतील, पण ते पाळा.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे काय सुरक्षित नाही ते सांगणं. सिस्टिम कॉलमध्ये यूजरने दिलेला पॉइंटर तपासत नसाल तर तसं लिहा. एसईएल४ ची गणिती सिद्धता २००९ मध्ये पूर्ण झाली, तरी ती कोणत्या गृहीतकांवर उभी आहे हे त्यांनी खुलेपणाने मांडलं आहे. 'सुरक्षित कर्नल' हे शब्द सिद्धता किंवा निदान कसून चाचणी हाती असल्याशिवाय रीडमीत घालू नका.

१६. डॉक्युमेंटेशन मराठीत लिहिलं तर चालेल का?

जरूर लिहा. कोडमधल्या कॉमेंट, कमिटचे मेसेज आणि बिल्डच्या सूचना इंग्रजीत ठेवा, कारण पॅच कुठूनही येईल. पण पेजिंग कसं चालतं, कॉन्टेक्स्ट स्विचमध्ये कोणते रजिस्टर का जपले, हे मराठीत समजावणारा मजकूर नगर किंवा सावंतवाडीच्या कॉलेजातल्या मुलाला थेट कामाला लावतो. लिनक्सच्या डॉक्युमेंटेशनमध्ये भाषांतरांसाठी वेगळी डिरेक्टरी आहे. चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश मजकूर तिथे आहे. तशीच डिरेक्टरी करा आणि वर लिहा, की फरक आढळला तर इंग्रजी मजकूर ग्राह्य.

१७. एकदा खुला केलेला कोड परत घेता येतो का?

दिलेल्या प्रती परत घेता येत नाहीत. ज्याने त्या लायसन्सखाली घेतला, तो अटी पाळून तो वापरत आणि वाटत राहू शकतो. पुढच्या आवृत्त्या बंद करायच्या तर सगळा हक्क तुमच्याकडे हवा, किंवा लायसन्सने तशी मुभा द्यायला हवी. जीपीएलखाली डीसीओवर पॅच घेतले असतील तर प्रत्येक लेखकाला विचारावं लागेल. ओपनसोलारिसची मालकी आलेल्या ऑरॅकलने २०१० मध्ये ओपनसोलारिसचा नवा कोड प्रसिद्ध करणं थांबवलं. आधी खुला झालेला कोड घेऊन इल्युमॉस त्याच वर्षी उभं राहिलं आणि आजही चालू आहे. तेव्हा मनात शंका असेल तर ती कोड पब्लिक करण्याआधी चौघांत बसून मिटवा, आणि एखाद्याच भागाबद्दल असेल तर तेवढा भाग पहिल्या रिलीजमधून वगळा.